खेळातलं चित्र कुणी काढलं?

मुलं व्हिडिओ गेम खेळायला बसली की आपलं लक्ष घड्याळाकडे असतं. पण पडद्यावरचा तो किल्ला, ते जंगल, भिंतीवर चिकटवलेला तो फाटका कागद, हे सगळं कुणीतरी बसून काढलेलं असतं. निदान आतापर्यंत तरी असायचं. आता दोन ओळी लिहून दिल्या की एआय क्षणात चित्र हातात ठेवतो, आणि त्यावरून खेळांच्या दुनियेत मोठी वादावादी चालू आहे.

डिसेंबर २०२५ मधलं उदाहरण घ्या. फ्रान्सच्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा ‘क्लेर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३’ हा खेळ त्या वर्षी खूप गाजला. ‘इंडी गेम अवॉर्ड्स’ने त्याला दोन पुरस्कार दिले आणि लगेच परतही घेतले. खेळ तयार होत असताना एआयची काही चित्रं तात्पुरती जागा भरायला वापरली होती, ती विक्रीच्या प्रतीत तशीच राहून गेली. स्टुडिओने ती काही दिवसांतच बदलली. पण स्पर्धेला एआय अजिबात चालत नव्हता, आणि प्रवेश देताना ‘वापरलेला नाही’ असं सांगितलं गेलं होतं.

एवढ्याशा चित्रांसाठी एवढी शिक्षा? असं कुणालाही वाटेल. पण भिंतीवरचा फाटका कागद हे नवख्या चित्रकाराचं पहिलं काम असतं. तिथे हात बसला की मग त्याच्याकडे किल्ला येतो. पहिली पायरीच काढून घेतली, तर वर चढणार कोण? घरातलं एखादं मूल फाइन आर्ट्सला जायचं म्हणत असेल, तर हा प्रश्न फ्रान्सचा राहत नाही.

आपण बडोदेकर. यंत्र आणि चित्र यांची गाठ आपल्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांसाठी चित्रं काढणाऱ्या राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. पण छापलेलं चित्र मुळात कुणाचं, हे लोकांना ठाऊक होतं. एआय शिकतो तो इंटरनेटवरच्या असंख्य चित्रांवरून. त्यातल्या बहुतेक चित्रकारांना कुणी विचारलेलं नसतं, आणि नावही कुठे येत नाही.

मग एआय नकोच का? तसं नाही. चार जणांच्या स्टुडिओला कच्चा आराखडा करायला तो उपयोगी पडतो. मात्र वापरलं तर सांगावं. खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ने २०२४ पासून हाच नियम केला आहे: खेळात एआय वापरला असेल तर निर्मात्याने तसं सांगायचं, आणि ती माहिती खेळाच्या पानावर गिऱ्हाइकाला दिसते. खेळ घेण्याआधी मुलांबरोबर ती जरूर वाचा.

आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२० चा खेळ मुलांना दाखवा. पहाडी लघुचित्रांच्या वळणाने हाताने रंगवलेलं जग त्यात आहे. खेळ संपल्यावर नावांची यादी वर सरकू लागते, ती मात्र घाईने पुढे ढकलू नका. त्यातलं एखादं नाव उद्या आपल्या घरातलं असू शकतं.