टीममधली बिनपगारी बाई



स्वमग्न मुलांच्या शिक्षणाविषयी बोलताना आजकाल 'टीमवर्क' हा शब्द सर्रास ऐकू येतो. मानसशास्त्रज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षिका आणि वर्गशिक्षिका अशा सगळ्यांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा. कल्पना चांगली आहे, गरजेचीही आहे. पण ही माणसे एका टेबलाभोवती कधी बसतात का? बहुतेक ठिकाणी त्यांची गाठ पडते ती आईच्या पिशवीतल्या फायलीत.

एक नेहमीचे चित्र पाहा. मुलाला अजून बोलता येत नाही. वाचाउपचारतज्ज्ञ त्याला चित्रांची कार्डे देतात. तहान लागली की त्याने पाण्याचे कार्ड दाखवायचे. शाळेत मात्र ती कार्डे दप्तरात ठेवायला लावतात, कारण 'अशाने हा कधी बोलायचाच नाही'. वास्तविक चित्रांमुळे बोलणे खुंटत नाही, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकर सुरू झाला की तो कान झाकून पळत सुटतो. वहीत शेरा येतो, 'शिस्त नाही'. मोठा आवाज त्याला सोसत नाही, हे व्यवसायोपचारतज्ज्ञांना ठाऊक असते. प्रार्थना संपल्यावर त्याला वर्गात घेतले तर प्रश्न सुटेल. पण हे शाळेला सांगणार कोण? आई. आणि 'तुम्हाला काय कळतं त्यातलं?' हे ऐकून घेणार कोण? तीही आईच.

म्हणजे या टीमची निरोपी, कारकून आणि समन्वयक ती एकटीच असते. त्यासाठी ती नोकरी सोडते, मजुरीचा दिवस बुडवते, दोन बस बदलून जाते. या कामाला ना पगार, ना सुट्टी, ना नाव. 'आईची माया' म्हटले की सगळ्यांचा हिशेब मिटतो.

मायेचे गोडवे गाणाऱ्यांनी याच आईला आरोपीही केले आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले, त्यातच आईबापांच्या कोरडेपणाचा उल्लेख होता. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून आईच्या थंडपणालाच कारण ठरवणारा विचार लोकप्रिय केला. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' हे नावही मिळाले होते. मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच हा आरोप खोडून काढला होता. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही, हे आज निर्विवाद आहे. तरी 'तू नोकरीला जायचीस म्हणून', 'तू मोबाईल दिलास म्हणून' हे टोमणे काही थांबलेले नाहीत.

कायद्यानेही या मुलांना उशिराच ओळखले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांसाठी पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापिकेच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले की, दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणे हे स्त्रियांच्या रोजगारातील समान सहभागाच्या आड येते. पण घरकामगार, शेतमजूर बाईला कुठली रजा?

इथे आई विरुद्ध शिक्षिका असा सामना आम्हाला लावायचा नाही. विशेष शिक्षणाचे काम करणाऱ्याही बहुतेक बायाच आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर, एकीने अनेक शाळा सांभाळत दिवस काढले आहेत. बैठकीला वेळ नाही असे त्या म्हणतात तेव्हा ते खरेच असते. ज्या वेळेचे पैसे मिळत नाहीत ती वेळ दोघींच्याही अंगावरच काढली जाते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. टीमची बैठक वेळापत्रकात असावी आणि ती कामाचे तास म्हणून धरली जावी. मुलाची योजना एकच असावी, आईला वाचता येईल अशा सोप्या मराठीत लिहिलेली. वाचता येत नसेल तर समजावून सांगितलेली. बैठकीला वडिलांनाही बोलवावे, आणि ते आले नाहीत तर तशी नोंद व्हावी. आईला तिथे सूचना घ्यायला नव्हे, माहिती असलेली व्यक्ती म्हणून बसवावे. आणि मुलाला पाण्याच्या कार्डाबरोबर 'नको'चे कार्डही द्यावे. शाळेत, उपचार केंद्रात आणि घरी त्या 'नको'ची दखल घेतली जावी. नकाराच्या हक्कासाठी आपण बाया इतकी वर्षे भांडत आलो. तो या मुलांना नाकारून कसे चालेल?

आपल्या गटांतही थोडे पाहू या. स्वमग्न मुलाची आई बैठकीला येईनाशी होते तेव्हा आपण तिच्या घरी जातो का? तिचे मूल तासभर सांभाळतो का? तिच्याबरोबर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांसमोर बसतो का? पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या, आणि काय झाले ते आम्हाला कळवा.

— संपादक मंडळ