आगीत तेल ओतू नका!

होळीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या होस्टेलच्या ग्रुपवर किती फोटो येतात, मोजलेत कधी? आणि त्यातले बघण्यासारखे किती? मध्ये पांढराफट्ट गोळा, भोवती केशरी धुरकट, कडेला कोळशासारखी काळी माणसं. होळी आहे की वणवा, कळायला मार्ग नाही!

दोष सगळा कॅमेऱ्याचा नाही. रात्रीच्या फ्रेममध्ये बहुतेक जागा काळोखाने व्यापलेली असते. कॅमेरा सरासरी काढतो, त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो सगळंच उजळवून ठेवतो. मग काळोख राखाडी होतो आणि ज्वाळा पांढऱ्या पडतात. सेन्सर एकदा भरला की तिथला तपशील गेला तो गेलाच, कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणत नाही. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, तुमचंच ते सॅच्युरेशन!) म्हणून एक्स्पोजर सरळ एक-दोन स्टॉप खाली आणा. मोबाइलवर ज्वाळेवर बोट दाबून धरा, लॉक झालं की खाली सरकवा. फ्लॅश बंद, त्याने आग उजळत नाही, पुढच्याचं टक्कल तेवढं उजळतं. नाइट मोडही नको. तो अनेक फ्रेम्स एकमेकींवर रचतो, तोवर ज्वाळा जागा बदलून बसलेल्या असतात. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा, नाहीतर ऑटो केशरी रंगाचीच 'दुरुस्ती' करायला निघतो.

खऱ्या आगीलाही हेच लागू. १४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर 'मेक इन इंडिया'च्या कार्यक्रमात लावणी चालू असताना स्टेज पेटलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या रात्रीचे फोटो शोधून बघा. ज्यात नुसता भगभगीत उजेड आहे, ते कुठल्याही आगीचे असू शकतात. ज्यात ज्वाळांच्या आत स्टेजचा काळा सांगाडा दिसतो, त्यातच कळतं की आग केवढी होती. गंमत आहे ना? उजेड कमी केला की आग मोठी दिसते.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. लालबागला आत्याच्या चाळीत होळी असते. एका वर्षी मी काढलेला फोटो वर सांगितला तसाच आला, पांढरा गोळा. मग रात्री बसून मी तो 'सुधारला'. लाल रंग फुल्ल, ज्वाळा कॉपी करून वर ताणल्या, पार दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत! एकदम सिनेमा. अकराच्या सुमारास नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पुढे कुणीतरी तो 'लालबागमध्ये चाळ पेटली' असं लिहून फॉरवर्ड केला. आत्याच्या समोरच्या खोलीत एक आजी एकट्याच होत्या. त्यांचा मुलगा रात्रपाळी अर्धी टाकून टॅक्सीने धावत आला. डिसेंबर २०२० मध्ये लालबागलाच सिलिंडरच्या स्फोटात माणसं गेली होती, तो काय समजला असेल? मला वाटलं तो मारेल. तो जिन्यात नुसता बसून राहिला. आत्या फोनवर एवढंच म्हणाली, "अरे, होती तेवढी आग पुरली नाही का तुला?"

माझा रूममेट म्हणतो, सगळेच एडिट करतात, पूर्वी डार्करूममध्येही करायचेच की. बरोबर आहे. सावलीतले चेहरे थोडे वर काढा, फोटो सरळ करा, क्रॉप करा. तो उजेड तिथे होताच. पण नसलेली ज्वाळा लावणं ही सुधारणा नव्हे, ती अफवा आहे. आणि घर खरंच जळत असेल तर आधी १०१ फिरवा आणि बंबाला वाट द्या, एक्स्पोजर गेलं खड्ड्यात.

फेस्टच्या फोटो स्पर्धेसाठी संपादक मंडळींना एकच मागणं आहे: प्रिंटबरोबर मूळ फाइलही मागा. तो होळीचा फोटो मीही 'रात्र' या विषयाखाली दिला होता. मागच्या आठवड्यात मागे घेतलाय.