पेटंटचा वेग वाढला, हरकतीची वाट अरुंद

देशात पेटंटसाठी येणाऱ्या अर्जांचा ओघ दहा वर्षांत दुपटीवर गेला आहे. २०१४-१५ मध्ये सुमारे ४३ हजार अर्ज दाखल झाले होते. २०२३-२४ मध्ये त्यांनी ९० हजारांचा टप्पा ओलांडला. मंजूर पेटंटांची संख्या तर याच काळात सहा हजारांच्या आतून एक लाखाच्या पुढे गेली. संशोधनाच्या दृष्टीने हे चित्र आशादायक असले, तरी औषधांच्या बाबतीत या वेगाची किंमत रुग्णांना मोजावी लागणार नाही ना, हा प्रश्न उरतोच.

१९७०च्या कायद्याने औषध बनविण्याच्या प्रक्रियेला पेटंट दिले, औषधाला नव्हे. त्यातूनच देशात स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधालाही पेटंट देणे भाग पडले. तसे करताना संसदेने दोन बंधने घातली. ज्ञात औषधाच्या नव्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज, पेटंट मिळत नाही, हे पहिले बंधन. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेता येते, हे दुसरे.

या दोन्हींचे मोल अनुभवाने सिद्ध झाले आहे. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिवेक’साठी महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये मोजावे लागत असताना त्याच प्रकारचे देशी औषध दहा हजारांच्या आसपास मिळत होते. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ‘नोव्हार्टिस’ कंपनीला या औषधाचे पेटंट नाकारले. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने क्षयरोगावरील ‘बेडाक्विलिन’च्या क्षाररूपासाठी ‘जॉन्सन अँड जॉन्सन’ने केलेला अर्ज फेटाळला. हरकत घेणाऱ्यांत क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन महिला होत्या. उपचारांच्या दुष्परिणामांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने पेटंट नियमांत दुरुस्ती केली. मंजुरीपूर्व हरकतीसाठी आता शुल्क भरावे लागते. हरकत ग्राह्य आहे की नाही, हे पेटंट नियंत्रक प्रथम ठरवितो. पेटंटचा देशात प्रत्यक्ष वापर होतो की नाही, याचे विवरणही दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदाच द्यायचे आहे. वस्तुतः हेच विवरण सक्तीच्या परवान्याच्या मागणीला आधार पुरविते.

या बदलांमागील युक्तिवाद निराधार नाही. बनावट नावांनी, एकामागून एक हरकती घेऊन अर्ज वर्षानुवर्षे रखडविण्याचे प्रकार घडले आहेत. परंतु खोडसाळ हरकतदार व पीडित रुग्ण यांना एकाच चाळणीतून काढणे न्याय्य नव्हे. शुल्काचा भार प्रतिस्पर्धी कंपनीला जाणवणारही नाही. रुग्णसंघटनेला मात्र दहादा विचार करावा लागेल. त्यातच बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्याने अपिलासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.

अर्जांची छाननी जलद व्हावी, याविषयी दुमत नाही. मात्र तो वेग पुरेशा परीक्षकांच्या व काटेकोर तपासणीच्या बळावर यावा, हरकतीचे दार अरुंद करून नव्हे. रुग्णांना व त्यांच्या संघटनांना शुल्कमाफी देणे आणि वापराचे वार्षिक विवरण पुन्हा सुरू करणे, या दोन गोष्टींसाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. नियमांतील दुरुस्ती पुरेशी आहे.