कूपनचे पैसे कोणाच्या खात्यात?

उधारीच्या वहीचा एक साधा रिवाज आपल्या बाजारात सर्वांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचे देणे त्याने स्वतः भरले, भावाने भरले की मेहुण्याने, दुकानदार रक्कम जमा करतो आणि तेवढे देणे फिटले असे धरतो. "पैसे मिळाले, पण ते तू दिलेले नाहीस, तेव्हा तुझी बाकी जशीच्या तशी," असे कोणी म्हणू लागला तर बाजारात त्याची पत राहणार नाही. अमेरिकेतील काही आरोग्य विमा कंपन्यांनी मात्र नेमका हाच हिशेब चालविला, आणि तो थांबविण्यासाठी तेथील राज्यांना एकामागून एक कायदे करावे लागले. व्यापारी माणसाने हे प्रकरण समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

तेथील बहुतेक विमा योजनांत वर्षारंभी ठराविक रक्कम रुग्णाने स्वतःच्या खिशातून भरायची असते. तिला डिडक्टिबल म्हणतात. ती भरून झाल्यावर कंपनी खर्चाचा मोठा वाटा उचलते, उरलेला वाटा रुग्णाचा. हिमोफिलिया, संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांची औषधे इतकी महाग की सामान्य पगारदाराला हा वाटाही झेपत नाही. म्हणून औषध कंपन्या रुग्णांना कूपन देतात व त्याच्या वाट्याची रक्कम आपण भरतात. विमा कंपन्यांनी यावर तोड काढली ती अशी, की कूपनचे पैसे घ्यायचे, पण रुग्णाच्या डिडक्टिबलमध्ये ते मोजायचे नाहीत. या पद्धतीला तेथे को-पे ॲक्युम्युलेटर असे नाव आहे.

हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. औषध महिना १,००० डॉलरचे, डिडक्टिबल ४,००० डॉलर, नंतर रुग्णाचा वाटा २० टक्के, आणि वर्षाचे कूपन ६,००० डॉलरचे. कूपन मोजले तर एप्रिलअखेर डिडक्टिबल पुरे होते. पुढील आठ महिन्यांचे दरमहा २०० प्रमाणे १,६०० डॉलरही कूपनमधूनच भागतात. विमा कंपनी वर्षात ६,४०० डॉलर देते. आता कूपन मोजायचे नाही असे ठरले, तर जूनमध्ये ते संपते आणि जुलैत औषधाच्या दुकानात रुग्णाला कळते की डिडक्टिबलमध्ये अजून एक डॉलरही जमा नाही. जुलै ते ऑक्टोबर ४,००० आणि पुढील दोन महिन्यांचे ४०० डॉलर त्याच्या खिशातून जातात. विमा कंपनीवर पडतात फक्त १,६०० डॉलर. म्हणजे एकाच डिडक्टिबलची वसुली दोनदा. ज्याच्याजवळ जुलैत १,००० डॉलर नसतील तो काय करणार? औषध बंद करणार.

२०१९ साली व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, इलिनॉय आणि ॲरिझोना या राज्यांनी याविरुद्ध पहिले कायदे केले. रुग्णाने भरलेली वा त्याच्या वतीने दुसऱ्याने भरलेली रक्कम त्याच्या वाट्यात मोजलीच पाहिजे, हे त्यांचे सार. पुढे अशा राज्यांची संख्या वीसच्या वर गेली. केंद्र सरकारने मात्र २०२१ सालासाठीच्या नियमांत कंपन्यांना मोकळीक दिली होती. ती वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द ठरविली.

विमा कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. कूपन म्हणजे काही खैरात नव्हे. महाग माल खपविण्याची ती युक्ती आहे. खिशाला चटका बसत नसेल तर गिऱ्हाईक स्वस्त जेनेरिक कशाला घेईल? वाढलेला खर्च अखेर सर्वांच्या हप्त्यावर चढतो. मेडिकेअरसारख्या सरकारी योजनांत लाचप्रतिबंधक कायद्यामुळे औषध कंपनीचे कूपन चालत नाही, ते याच कारणाने. परंतु या दुखण्यावर इलाज निघू शकतो. ॲरिझोनाच्या कायद्याचे संरक्षण मुख्यतः जेनेरिक पर्याय नसलेल्या औषधांना आहे. कॅलिफोर्नियाने तर २०१७ सालीच, स्वस्त पर्याय असेल तेथे कूपनवर बंदी घालणारा कायदा केला. दोष कूपनचा असेल तर कूपन आवरा. कूपनचे पैसे गल्ल्यात टाकून रुग्णाला कोरडे ठेवणे हा कुठला न्याय?

खरी अडचण वेगळीच आहे. १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे, जे मालक कामगारांच्या उपचाराचा खर्च स्वतःच्या निधीतून करतात त्यांच्या योजनांना राज्यांचे हे कायदे लागू होत नाहीत; आणि नोकरीतून विमा मिळणाऱ्या दर दहा कामगारांपैकी सहाच्या आसपास अशाच योजनांत आहेत. दहा माणसांच्या छोट्या दुकानाने बाजारातून घेतलेल्या पॉलिसीला राज्याचे संरक्षण मिळते, तर बलाढ्य कंपनीतला कामगार उघडा राहतो. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी हे जरूर तपासावे. आपली योजना कोणत्या प्रकारची, हे मालकाला लेखी विचारावे.

आपल्याकडे साध्या मेडिक्लेममध्ये दरमहाच्या गोळ्यांचा खर्च सहसा येतच नाही, तेव्हा कूपनचा हा तंटाही नाही. आपल्याला रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेकचे उदाहरण जवळचे. महिन्याला लाखाच्या पुढे किंमत असलेले ते औषध कंपनी अनेक रुग्णांना मदत योजनेतून फुकट देत असे. तरीही सर्वसाधारण रुग्णाला मोठा आधार मिळाला तो भारतीय कंपन्यांच्या जेनेरिकचा, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारल्यावर तो टिकला.

डिडक्टिबल हा शब्द मात्र टॉप-अप पॉलिसीच्या रूपाने आपल्या कारागिरांच्या घरीही आला आहे. तेथे बहुधा बिलाची रक्कम पाहिली जाते. ती पहिल्या पॉलिसीने भरली की रुग्णाने, हे पाहिले जात नाही. तरीही एखाद्या ट्रस्टने वा नातेवाइकाने भरलेली रक्कम धरली जाईल की नाही, हे सही करण्यापूर्वी एजंटकडून लेखी घ्यावे.