बटाटा फ्लास्कमध्ये, नोंद मागतात सातबाऱ्यावर

पैठण रस्त्यावरच्या चितेगावहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. मायक्रोट्यूबरच्या प्रयोगशाळेला औद्योगिक दरातून काढून शेतीचा वीजदर लावा, असा त्यांचा अर्ज होता. अर्ज परत आला तो शेरा मारून: 'बटाटा पिकाची नोंद असलेला सातबारा जोडावा.'

फ्लास्कमधल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर होत नाही, हे शेरा मारणाऱ्याला कळायला हवं होतं. वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशात 'कृषी – इतर' या वर्गात टिश्यू कल्चर नाव घेऊन घातलेलं आहे, हरितगृह आणि अळिंबीच्या जोडीला. वीज निव्वळ पीकवाढीच्या कामाला लागावी, कारखानदारीला नव्हे, ही त्यातली अट. सातबाऱ्याचा त्या नोंदीत उल्लेखही नाही.

हा दर आपल्याला का लागतो, ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. लिटरला ८० ग्रॅम साखर आणि १० मिलिग्रॅम बीएपीचं माध्यम भरलं की ६० ते ९० दिवस काळोख आणि १८-२० अंश तापमान. बाहेर मे महिन्याचे ४२ अंश. एसी बंद पडून खोली तापली की गाठी धरायच्या थांबतात, नुसते कोंब लांबतात. सगळं नीट जमलं तर एका फ्लास्कमधून १५-२० मायक्रोट्यूबर निघतात. ज्वारीच्या दाण्याहून मोठे, मटारहून लहान. पुढे सुप्तावस्था मोडायला चार-पाच महिने ५-६ अंशांवर ठेवायचे. नेटहाउसची पायरी त्यानंतरची. एवढं बिल औद्योगिक दराने भरून बेणं परवडणार कुणाला? सातगाव पठारचा शेतकरी मग जालंधरच्याच गाडीची वाट पाहणार.

आता आपल्यांविषयी. लॅब, गोदाम आणि विक्रीचं दुकान एकाच मीटरवर चालवणारे सभासद कमी नाहीत. 'निव्वळ' या शब्दावर त्यांचा अर्ज पडतो, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून इतरांचाही. गेल्या वर्षभरात आम्ही हे तीनदा छापलं. आता तरी मीटर वेगळे करा.

अर्जाला दर-आदेशाचं ते पान जोडा. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ज्यांची संपत आली असेल त्यांनी या महिन्यातच तक्रार दाखल करावी आणि नकाराची प्रत आमच्याकडे पाठवावी.