लोकटकचे पाणी उतरू द्या

मणिपूरच्या लोकटक सरोवरावर 'फुमदी' तरंगते. गवत, मुळे, कुजका पाला व माती यांचा तो जाड थर होय. पूर्वी कोरड्या ऋतूत पाणी उतरले की फुमदी तळाला टेके, मुळे गाळातून पोषण घेत व पावसाळ्यात ती पुन्हा वर येई. १९८३ साली इथाईचा बंधारा झाला आणि १०५ मेगावॅट विजेसाठी सरोवर बारमाही तुडुंब राहू लागले. तळाचा स्पर्श अंतरलेली फुमदी तेव्हापासून पातळ होत आहे. केइबुल लामजाओ उद्यानातील संगाई हरणे तिच्यावरच चरतात. १९७५ च्या गणनेत ती अवघी १४ होती. २०१६ मध्ये २६० भरली खरी, पण त्यांच्या पायांखालचा आधारच खचत आहे.

साठविले तेवढे पाणी चांगले, ही समजूत अभियंत्यांचीच नव्हे, आपणा सर्वांचीच आहे. दलदलीच्या वनस्पतींना मात्र ओहोटीही हवी असते. वीज नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोरड्या ऋतूत काही आठवडे तरी पातळी उतरविण्याचे वेळापत्रक केंद्र व मणिपूर सरकारांनी ठरवावे, त्यापायी बुडणाऱ्या विजेचा हिशेब उघड मांडावा आणि तो मांडताना ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्या काठच्या गावांनाही विचारावे.