सूचना मागवतात, अधिकार देत नाहीत

"नव्या शाळेसाठी समाजाच्या सूचना मागवल्या आहेत," असे कोणी सांगितले की आम्ही आधी एकच विचारतो. सूचना ठरवण्याच्या आधी मागवल्या की ठरवून झाल्यावर? ठरवून झाल्यावर मागवल्या असतील तर तो कार्यक्रम आपल्यासाठी नाही, फाइलीसाठी आहे.

अमेरिकेकडे बघा. १९९१ साली मिनेसोटा राज्याने चार्टर शाळांचा पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था वेगळी. करारातले निकाल दिले तर शाळा चालू, नाहीतर बंद. अशी शाळा काढू पाहणाऱ्या संस्थेला वस्तीचा पाठिंबा दाखवावा लागतो. मग सभा होते, चहा होतो, हजेरीच्या कागदावर सह्या होतात आणि तो कागद अर्जाला जोडला जातो. सही केलेल्या आईला वाटते आपण मत दिले. प्रत्यक्षात तिने हजेरी दिलेली असते.

शिकागोत १९८८च्या कायद्याने सरकारी शाळांना निवडून आलेल्या स्थानिक परिषदा मिळाल्या. पालक आणि वस्तीतले रहिवासी मिळून त्यांत बहुमतात. मुख्याध्यापक कोण हे त्या ठरवतात, अंदाजपत्रक त्या मंजूर करतात. चार्टर शाळांना मात्र ही परिषद सक्तीची नाही. म्हणजे शाळेची पाटी बदलली की पालकाचे मत जाते आणि हातात सूचनापेटी येते.

त्याच शहरात २०१३ साली सुमारे ५० शाळा एका फटक्यात बंद करायचे ठरले. बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय. जनसुनावण्या झाल्या, लोक रडले, ओरडले, आणि शाळा बंद झाल्या. डायेट हायस्कूलही बंद व्हायच्या वाटेवर होते. तिथल्या पालकांनी नुसता विरोध केला नाही, शाळा कशी असावी याचा स्वतःचा आराखडा तयार करून दिला. तरी २०१५ साली त्यांना ३४ दिवस उपोषण करावे लागले. २०१६ला शाळा पुन्हा उघडली, पण पालकांच्या आराखड्याप्रमाणे नाही, प्रशासनाने ठरवलेली कलाशाळा म्हणून. उपाशी राहून शाळा मिळाली, ठरवण्याचा अधिकार नाही मिळाला. काही शहरांत चार्टर शाळांतल्या गरीब कृष्णवर्णीय मुलांचे निकाल चांगले आले, हे आम्ही नाकारत नाही. पण चांगला निकाल म्हणजे मालकी नव्हे. एनएएसीपीसारख्या जुन्या संघटनेने २०१६ साली नव्या चार्टर शाळांना स्थगिती मागितली, तेव्हाही ती लोकांना जाब देणारी व्यवस्था मागत होती.

हे आपल्यापासून लांबचे नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधले कलम २१ काढून वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आणि ही समिती कोणाला लागू नाही? विनाअनुदानित खाजगी शाळांना. शिकागोची पळवाट इथे कायद्यातच आहे!

२०२३च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने शाळा दत्तक योजना आणली. देणगीदाराने ठरलेल्या रकमेइतकी मदत केली की ठरावीक वर्षे त्याचे नाव शाळेला. कारभारात त्याचा हस्तक्षेप नसेल, असे कागदावर आहे. पण ज्या गावच्या शाळेची पाटी बदलते, त्या गावाला नाव देण्याचा अधिकार का नाही? त्याच महिन्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. कोणाकडून? अधिकाऱ्यांकडून. पाड्यावरची, तांड्यावरची, वस्तीवरची मुलगी त्या लांबच्या शाळेत कशी जाणार, हे तिच्या आईला विचारायचे कोणाला सुचले नाही.

"अडाणी पालकांना शिक्षणातले काय कळते?" हा प्रश्न जुना आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगासमोर शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली, तेव्हाही तो होताच. बाबासाहेबांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली, पण "आमचे ऐकून घ्या" एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी मताधिकार आणि प्रतिनिधित्व मागितले. ऐकून घेणारा मालकच राहतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि हे आपल्या संस्थांनाही लागू आहे, बरे का. बाबासाहेबांचा फोटो लावून काढलेल्या शाळेच्या विश्वस्त मंडळात एकाच घरातली चार माणसे असतील, तर त्या शाळेत आणि शेठजीच्या शाळेत पालकाच्या दृष्टीने फरक काय?

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वस्तीत नवी शाळा येणार असेल किंवा जुनी जाणार असेल, तर सूचनांचा कागद भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. जागा, माध्यम, फी आणि शिक्षकभरती यांतले काय अजून ठरलेले नाही? समितीत पालकांना मत आहे की नुसती खुर्ची? आणि पालकांनी बहुमताने नाही म्हटले तर काय होईल? सभा संध्याकाळी कामावरून लोक परतल्यावर लावायला सांगा, आणि वस्तीतच. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळेपर्यंत हजेरीच्या कागदावर सही करू नका.